कागद झिजलेल्या सतरा जागा

पुएर्तो अल्माग्रे,
सोमवार, २८ नोव्हेंबर १९८३

चि. सौ. एर्सिलिया हिस अनेक आशीर्वाद.

आपल्या गोदीवाल्या बेसबॉल क्लबने काल पिचर ओर्विल पेंबर्टनला संघातून मोकळं केलं. दुपारी समालोचक तिरसोने रेडिओवर सांगितलं, पण तिरसोचं काय, तो पावसाची बातमीसुद्धा रंगवून सांगतो. आज सकाळी क्लबचे सेक्रेटरी स्वतः बाल्दोमेरोच्या सलूनमध्ये आले आणि बातमी खरी असल्याचं सर्वांसमक्ष सांगून गेले. एकदाची साफसफाई सुरू झाली.

सलग नऊ सामने हरलो आहोत. सहा संघांत सहावे. शनिवारी पाचव्या डावातच लोक उठून जायला लागले आणि जाताना टोप्या मैदानात फेकत होते. तीस वर्षं मी त्या स्कोअररच्या खुर्चीत बसतो आहे, पण आपलीच माणसं आपल्याच टोप्या फेकताना कधी पाहिली नव्हती.

सलूनमधल्या आमच्या सोमवारच्या बैठकीत आज नुसता आरडाओरडा. एक म्हणतो मॅनेजरला हाकला. दुसरा म्हणतो चार अमेरिकन आणा, तेही उंच बघून. बाल्दोमेरोचं मत असं की जुना संघ पूर्ण बरखास्त करून गोदीवरच्या हमालांना उभं करावं, निदान ते काही सोडत तरी नाहीत. हे सांगताना त्याने हातवाऱ्यात कुणाच्या तरी कानाला वस्तरा लावला. मग मी बोललो. दोष एकच आहे, चेंडू टाकणारे पिचर. आमचे पिचर मार खातात. हे मी हवेत बोललो नाही. गेल्या बुधवारी क्लबच्या बैठकीला माझं रजिस्टरच घेऊन गेलो होतो. टेबलावर उघडून ओर्विलचं पान वाचून दाखवलं: नऊ डावांमागे पाच पूर्णांक चार धावा. मॅनेजर क्षेत्ररक्षण बदलायचं काहीतरी पुटपुटत होता, त्याला मी विचारलं, आकडे तुमच्याकडे आहेत का? नव्हते.

आपल्या फ्रेमियोच्या नावावर मात्र अख्ख्या हंगामात फक्त तीन चुका. दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा सांभाळणारा इतका स्वच्छ खेळाडू सध्या लीगमध्ये नाही. बाप म्हणून सांगत नाही, रजिस्टर सांगतं.

ओर्विलची आई, मिस आयवी, आज स्टेडियमच्या दारात यानिकेकेच्या पुऱ्या तळायला आली नव्हती. वाईट वाटलं, पण संघ म्हणजे धर्मशाळा नव्हे.

कात्रणं सोबत पाठवतो आहे. वेन्सेस्लाओंना नमस्कार. निदियावहिनी तुझी आठवण काढते. मायेत कमी करू नये, ही विनंती.

तुझा,
पेर्सियोदादा


मायागुएस,
बुधवार, ७ डिसेंबर १९८३

ती. पेर्सियोदादास, शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र आणि कात्रणं मिळाली. नऊ पराभवांचा राग मलाही आहे. परवा रेडिओ बंद करताना बटणच हातात आलं. वेन्सेस्लाओ म्हणतात, समुद्रापलीकडच्या संघासाठी या घरातल्या वस्तू का मोडतेस? त्यांना काय कळणार.

तुला ठाऊक आहे, कपडे वाळत घालायच्या तारेला मी रेडिओची तार बांधली आहे. वारा नीट असला की आपलं स्टेशन शेजारच्या घरातून बोलल्यासारखं ऐकू येतं. मी शिवण बाजूला ठेवते आणि वहीत प्रत्येक चेंडू लिहिते, तू शिकवलंस तसं. नऊ वर्षांची होते मी. तू जेवणाच्या टेबलावर वाटाणे मांडून सांगायचास की चेंडू कुणालाही अडवता आला नसता तर तो फटका, आणि त्यातून धाव झाली तर ती पिचरच्या माथी. नेहमीच्या मेहनतीने अडवता येणारा चेंडू सुटला तर ती क्षेत्ररक्षकाची चूक, आणि धाव झालीच तर पिचरच्या नावाला डाग नाही. फटका की चूक हे एकटा स्कोअरर ठरवतो. म्हणून त्याच्या खुर्चीला कुणी हात लावत नाही, असं तू मला ऐटीत सांगितलं होतंस.

आता ऐक. १२ नोव्हेंबर, सहावा डाव. तिरसो म्हणाला की सरळ आलेला चेंडू फ्रेमियोच्या पायांमधून असा गेला जशी कुंपणाखालून कोंबडी. मी वहीत चूक लिहिली. तू पाठवलेल्या कात्रणात तो फटका आहे. मला वाटलं, ऐकण्यात काही झालं असेल. म्हणून मागचे सगळे घरचे सामने काढून बसले. दादा, अशा बारा जागा सापडल्या. बाराही फ्रेमियोच्या. त्यातल्या नऊ वेळा ओर्विल चेंडू टाकत होता. त्या नऊंमधून झालेल्या बारा धावा वजा केल्या तर तुझं ते पाच पूर्णांक चार बरोबर तीनवर येतं.

संघाचं काय करायचं ते मला विचारशील तर अमेरिकन नकोत, नवे पिचर नकोत. आधी ती मधली जागा बघा. भाचा माझा आहे, त्याच्या पाळण्याची चादर मी शिवली आहे, तरीही हे लिहिते.

मला बरोबर ऐकू आलं नाही एवढंच लिही. मी विश्वास ठेवीन. वहिनींना नमस्कार. माझ्यावरची माया आटू देऊ नकोस.

तुझी,
एर्सिलिया


पुएर्तो अल्माग्रे,
मंगळवार, १३ डिसेंबर १९८३

चि. सौ. एर्सिलिया हिस आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून मला निदियाकडे पाणी मागावं लागलं. तू मधे समुद्र ठेवून, शिवणयंत्राशेजारी बसून, फुटक्या रेडिओवर ऐकतेस आणि तीस वर्षांच्या स्कोअररला चूक आणि फटका शिकवतेस? तिरसोला कोंबड्या दिसतात, त्याला मी काय करू? मैदान तू पाहिलंस का? दुसऱ्या बेसजवळ नुसते खडे आहेत. चेंडू कधी गुडघ्यावर येतो, कधी तोंडावर. १२ तारखेचा चेंडू शेवटच्या टप्प्याला वळला. मी पाहिला. तू नाही पाहिलास.

आणि समज, एखाद दुसरा निर्णय इकडचा तिकडे झाला असेल. माणूस आहे. पण बारा? तू मला माझ्याच वाटाण्यांचा हिशेब देतेस, त्याचा मला फार राग आला आहे. हे पत्र तीनदा फाडून चौथ्यांदा लिहितो आहे.

इथली बातमी आधीच तुझ्या वहीत असेल. ओर्विलला सान इल्देफोन्सोच्या संघाने उचललं आणि रविवारी त्याने आपल्यालाच हरवलं. आठ डावांत एक धाव. त्यांच्या मधल्या जागेवरचा पोरगा प्रत्येक चेंडू असा उचलत होता जसा झाडाखालचा आंबा. काल सलूनमध्ये बाल्दोमेरोने मला सर्वांदेखत विचारलं की मास्तर, ओर्विलला काढायचा सल्ला कुणाचा होता? मी म्हणालो, आकड्यांचा. तो म्हणाला की आकडे इथून सान इल्देफोन्सोला बसने जाताना बदलतात वाटतं. सगळे हसले. तीस वर्षांत माझ्यावर तिथे कुणी हसलं नव्हतं.

मिस आयवी परत यायला लागली आहे. शनिवारी मी रांगेत उभा राहिलो. माझी पाळी आली तेव्हा तिने झारा बाजूला ठेवला आणि म्हणाली की मास्तरांसाठी यानिकेके संपले. परातीत पंधरा-वीस तरी होते. मागच्यांना ती देत राहिली.

फ्रेमियो घरात बोलत नाही. पराभवाने थकला असेल.

तुझी वही तुझ्याजवळ ठेव. राग आहे, पण नातं तोडलेलं नाही.

पेर्सियोदादा


पुएर्तो अल्माग्रे,
सोमवार, १९ डिसेंबर १९८३

ती. सौ. एर्सिलियाआत्यास, शि. सा. न. वि. वि.

मी तुला कधी पत्र लिहीत नाही, म्हणून अक्षराकडे बघू नकोस. तुझं बाबांना आलेलं पत्र मी वाचलं. रेडिओखाली घडी करून ठेवलं होतं. आईनेही वाचलं असणार, कारण त्या दिवसापासून ती रेडिओखालचं पुसत नाही.

आत्या, तू बारा मोजल्यास. मी पंधरा मोजल्या. हातातून चेंडू सुटतो तेव्हा तो खड्याने वळला की माझ्या हाताने सुटला हे मला कळतं. तिरसोच्या आधी कळतं.

तुला वाटत असेल की बाबांनी माझ्यावर उपकार केले. ऐक. माझा खांदा मागच्या वर्षीपासून दुखतो, खाली वाकून पटकन फेकता येत नाही. ऑक्टोबरमध्येच मी मॅनेजरला म्हणालो होतो की मला लांब डाव्या बाजूला पाठवा, धावायला पाय चांगले आहेत, मधे दुसरा कुणी उभा करा. तोही तयार होता. मग क्लबमध्ये रजिस्टर आलं. तीन चुका. दुसऱ्या दिवशी मॅनेजर मला म्हणाला की तुला हलवलं तर लोक मला वेडा म्हणतील, लीगमधला सर्वांत स्वच्छ खेळाडू आहेस तू. त्याने ते हसत म्हटलं. त्याला सगळं दिसतं, आत्या, पण त्याच्याकडे कागद नाही.

म्हणजे मी नको असलेल्या जागी अडकलो, ओर्विल हव्या असलेल्या जागेवरून गेला, आणि लोक अजून ओरडतात की अमेरिकन आणा.

ओर्विल आणि मी साखर कारखान्यामागच्या मैदानात एकच हातमोजा वाटून खेळलो. त्याला अमेरिकेतल्या एका क्लबने कळवलं आहे की हंगामाचे अंतिम आकडे बघून मार्चच्या शिबिराला बोलवायचं की नाही ते ठरवू. लीग ते आकडे १० जानेवारीला पाठवते. सान इल्देफोन्सोकडे तो कितीही चांगलं टाकू दे, इथलं ओझं त्याला खाली ओढतं. तो सव्वीसचा झाला. पुढच्या वर्षी त्याला कुणी विचारणार नाही. परवा रस्त्यात भेटला. मी हाक मारली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला की तुझ्या तीन चुका मला पाठ आहेत. पुढे गेला.

मी लीगच्या ऑफिसात फोन केला. ते म्हणाले की निर्णय बदलायचा अधिकार ज्याने तो दिला त्या स्कोअररलाच, स्वतःच्या हाताने लिहून, हंगाम संपायच्या आत. खेळाडूने सांगून चालत नाही. कुणाच्या बहिणीच्या वहीनेही नाही.

बाबांशी मला बोलता येत नाही. रोज समोरासमोर जेवतो आणि मीठ मागायलाही तोंड उघडत नाही. मी एकदाच विचारलं की बाबा, मी मागितलं होतं का? ते ताट घेऊन आत गेले.

तू मोठ्या मनाने मला समजावू नकोस. तुझ्या वहीच्या नकला पाठव, तारखांसकट. पुढचं मी बघतो, किंवा काहीच बघता येत नसेल तर निदान त्यांच्या टेबलावर ठेवतो.

तुझ्या मायेला पात्र आहे की नाही माहीत नाही, पण ती राहू दे.

तुझा,
फ्रेमियो


मायागुएस,
मंगळवार, २७ डिसेंबर १९८३

ती. पेर्सियोदादास, शि. सा. न. वि. वि.

सण गोड गेला असं लिहायला हात धजत नाही. पोस्टावर भरवसा नाही म्हणून हे पत्र शेजारच्या कासिल्दाबाईंच्या हाती देते. त्या उद्या विमानाने माहेरी येत आहेत. सोबत वहीच्या सव्वीस पानांच्या नकला आहेत. शिवणाच्या कामावरून परत आल्यावर रोज थोड्या उतरवल्या. बोटं दुखतात, आणि त्याचाही राग तुझ्यावरच आहे.

फ्रेमियोने मला लिहिलं. काय लिहिलं ते तू त्याला विचार. विचारायची हिंमत नसेल तर अंदाज कर, तू हुशार आहेस.

तू लिहिलंस की मी पाहिलं नाही. खरं आहे. मी फक्त ऐकलं. पण दादा, ऐकताना मला तो भाचा असल्याचं विसरावं लागलं, आणि मी विसरले. तुला पाहताना विसरता आलं नाही. तेवढाच फरक आहे. तुझ्यावर माझा आळ नाही की तू कुणाचं वाईट करायला बसलास. पहिला चेंडू सुटला तेव्हा खडा असेलही. दुसऱ्यालाही असेल. पण नंतर तू ते रजिस्टर काखेत मारून क्लबच्या टेबलावर नेलंस आणि त्याच्या जोरावर एका माणसाला हाकललंस. ते मला गिळता येत नाही. मॅनेजरला तू विचारलंस ना, आकडे आहेत का? आता मी तुला विचारते.

लहानपणी एकदा मी खोटा फटका लिहिला होता, आठवतं? आपल्या अण्णांच्या सामन्यात, त्यांच्या हातून सुटलेला चेंडू चूक ठरू नये म्हणून. तू सगळे वाटाणे गोळा करून डब्यात टाकलेस आणि आठवडाभर माझ्याशी बोलला नाहीस. मी रडले तरी बोलला नाहीस. मला तेव्हा तू दुष्ट वाटलास आणि मोठेपणी तुझा अभिमान वाटला. आता मी काय वाटून घेऊ ते तूच सांग.

तुझ्याशिवाय हे कुणालाच दुरुस्त करता येत नाही. हंगाम ८ जानेवारीला संपतो. मिस आयवी तुला यानिकेके देईल या आशेने करू नकोस, ती देणार नाही. मीही तुझं कौतुक करणार नाही.

पानं दिव्याखाली धरून वाच. वहिनींना नमस्कार. आपलेपणा आहे म्हणूनच इतकं लिहिलं, तो तसाच ठेव.

तुझी,
एर्सिलिया


पुएर्तो अल्माग्रे,
बुधवार, ४ जानेवारी १९८४

चि. सौ. एर्सिलिया हिस अनेक आशीर्वाद.

दुरुस्तीचा अर्ज मी काल राजधानीत लीगच्या ऑफिसात स्वतःच्या हाताने दिला. त्यांनी शिक्का मारून पोच दिली, ती निदियाने आरशाच्या कडेला खोचली आहे. आता रागवून घे, मग पुढचं वाच.

तुझी पानं आली त्या दिवशी मी ती उघडली नाहीत. वर्षाच्या पहिल्या दिवशी, दुपारची जेवणं झाल्यावर, सगळे झोपले असताना रजिस्टर घेऊन खिडकीपाशी बसलो. म्हटलं, एर्सिलियाला एकेक जागा दाखवून खोटी पाडू. रजिस्टरातलं १२ नोव्हेंबरचं पान उचललं तर त्यातून उजेड आला. सहाव्या डावाच्या चौकोनात कागद झिजलेला होता. मी तिथे आधी चूक लिहिली होती. मग खोडली होती. मग फटका लिहिला होता. मला हे आठवत नव्हतं, एर्सिलिया. देवाशप्पथ आठवत नव्हतं. माझ्या हाताला मात्र प्रत्येक वेळी आधी खरं सुचलं होतं.

मग मी पानामागून पान उजेडाला धरलं. तुझ्या बाराही जागा तशाच. फ्रेमियोने पंधरा मोजल्याचं निदियाने परवा सांगितलं. सतरा आहेत. तुम्हा दोघांनाही न सापडलेल्या दोन माझ्याकडे होत्या. दहा वेळा ओर्विल टाकत होता, आणि त्यातून चौदा धावा. त्याचा इथला खरा आकडा दोन पूर्णांक सहा होतो. या हंगामात गोदीवाल्यांकडे त्याच्यापेक्षा चांगला पिचर नव्हता, आणि त्याला मी हाकललं.

सोमवारी सलूनमध्ये गेलो. बाल्दोमेरोने मला खुर्चीत बसवलं, फेस लावला, अर्धी दाढी केली. बैठक रंगात होती, नव्या वर्षात संघ कसा उभा करायचा, तेच अमेरिकन, तोच मॅनेजर. मी फेसासकट बोललो. सगळं सांगितलं. लगेच सगळे एकदम इतके ओरडले की रस्त्यावरची माणसं दारात गोळा झाली. एकाने मला चोर म्हटलं. एकाने म्हटलं की नऊ सामने आम्ही भलत्याच्याच आईला शिव्या देत होतो. मी ऐकून घेतलं. सर्वांत जास्त मला लागलं ते असं की सगळ्यांना फ्रेमियोच्या चुका दिसल्या होत्या, पण दुसऱ्या दिवशी पेपरात फटका वाचून प्रत्येकाने स्वतःच्या डोळ्यांना दोष दिला होता. माझ्यावर इतका विश्वास होता. बाल्दोमेरोने वस्तरा पुसला, फडकं माझ्या गळ्यातून काढलं आणि म्हणाला, उठा मास्तर. अर्धी दाढी तशीच घेऊन घरी आलो. उरलेली स्वतः केली.

लीगच्या ऑफिसात दुरुस्तीच्या कागदावर ‘कारण’ असा एक रकाना असतो. तिथला कारकून म्हणाला की सगळे जण खराब मैदान लिहितात, तुम्हीही लिहा. त्याचं म्हणणं ऐकलं असतं तर घरी काही बिघडलं नसतं, निदान वरवर. मी लिहिलं: तो माझा मुलगा आहे. सतरा ओळींत सतरा वेळा तेच लिहिलं, वरीलप्रमाणे म्हणायची सोय होती तरी. मग खुर्चीचा राजीनामा दिला. तो त्यांनी फार पटकन घेतला.

घरी आल्यावर फ्रेमियोला पोच दाखवली. त्याने वाचली, आणि मला मीठ सरकवायला सांगितलं. मी सरकवलं. एवढंच बोलणं झालं, पण ते दीड महिन्यातलं पहिलं होतं. राग त्याचा गेलेला नाही. तो जायची मी वाटही बघत नाही.

संघ उभा करायचा तो उपाय मॅनेजर क्लबच्या त्या बैठकीतच सांगायला निघाला होता, फ्रेमियोला डावीकडे न्या आणि ओर्विलला धरून ठेवा. दोन ओळींचं काम होतं. त्याला मी रजिस्टर आपटून गप्प केलं आणि त्यावर अख्ख्या गावाने दीड महिना भांडण केलं.

दुरुस्त आकडे लीग उद्या जाहीर करणार आहे. ओर्विलला शिबिराचं बोलावणं आलं तर ते दहा तारखेनंतर येईल. मी त्याला भेटायला गेलो होतो. मिस आयवीने दार उघडलं, मी पोच दाखवली, तिने चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली, आणि दार लावून घेतलं. तू म्हणालीस तसंच.

रविवारी दुपारी चार वाजता हंगामातला शेवटचा सामना, आपल्याच मैदानावर, सान इल्देफोन्सोविरुद्ध. ओर्विल टाकणार आहे. फ्रेमियो पहिल्यांदा लांब डाव्या बाजूला उभा राहील. माझ्या खुर्चीत राजधानीहून कुणी बाई येणार आहेत, त्यांना इथलं कुणीच ओळखत नाही आणि त्या कुणाला ओळखत नाहीत. मी उन्हाच्या बाजूच्या लाकडी पायऱ्यांवर बसेन. लोक काय फेकतील ते फेकतील.

कासिल्दाबाई उद्या परतताहेत, म्हणून हे घाईने बंद करतो. वारा नीट असला तर तू वही घेऊन बस. मी पेन्सिल नेणार नाही. फ्रेमियोकडे चेंडू गेला आणि सुटला, तर लिहायच्या आधी माझी आठवण काढू नकोस. तिरसो जे म्हणेल ते ऐक आणि जे ऐकशील ते लिही. सोमवारी ते पान मला पाठव. या वेळी सामना मी तुझ्या वहीतून वाचीन.

वेन्सेस्लाओंना नमस्कार. जितकी माया उरली असेल तितकी असू दे, जास्त मागत नाही.

तुझा,
पेर्सियोदादा